कालवानगरीतल्या बायकांचं पोहणं

धुळ्याहून गावाकडे जाताना शेवटच्या वळणावर एसटी मंदावते, तिथे पूर्वी ठिबकच्या नळ्यांची जाहिरात होती. आता निळी कमान आहे. कमानीच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे हंस आणि मधे ‘कालवानगरीत आपले सहर्ष स्वागत’. आमच्या भागात हंस कुणी पाहिलेला नाही. बगळे भरपूर आहेत, पण नांगरामागे किडे वेचत फिरणारा पक्षी कमानीवर शोभत नाही, असं गावच्या पर्यटन समितीचं मत पडलं असणार.

कालवानगरी म्हणजे आमचं गाव. गिरणेच्या पाण्याचा कालवा भडगावच्या बाजूने येतो, गावाला वळसा घालतो आणि पुढे शेतांत निघून जातो. एवढ्या भांडवलावर नगरी. गावात त्याला कुणी कालवा म्हणत नाही. आम्ही पाट म्हणतो. पाटाला वर्षभर पाणी नसतं. धरणातून आवर्तन सुटलं की येतं, केळीला, लिंबाला, गव्हाला पोचतं, आणि आवर्तन संपलं की तळाशी चिखल, तुटक्या चपला आणि शेळ्या उरतात. समितीच्या माहितीपत्रकावरच्या फोटोत शेळ्या नाहीत.

कल्पना समितीच्या अध्यक्षाची. तो आमच्याच गल्लीतला, केळीचा मोठा व्यापारी. गावात लहानथोर सगळे त्याला भाऊ म्हणतात. मागे तो सावद्याच्या व्यापाऱ्यांबरोबर परदेशातली शेती पाहायला गेला होता. शेती किती पाहिली ते कळलं नाही, पण तिथल्या एका शहरात कालव्यातून होड्या वल्हवणारे आणि काठाने सायकली चालवणारे पाहुणे त्याने पाहिले, आणि परत आल्यावर भेटेल त्याला तो ते फोनवर दाखवू लागला. “पाणी तेच आहे. आपल्याकडे फक्त दृष्टी नाही,” असं म्हणायचा. मग दृष्टी आली. तिच्यामागून प्लास्टिकच्या पिवळ्या कयाक आल्या, पाण्यावर तरंगणारा धक्का आला, भरावावर सायकलींसाठी तांबडी वाट आली, आणि पाटावरून आडवी एक तार गेली, जिला लटकून माणसं या काठच्या लिंबाच्या बागेतून त्या काठच्या लिंबाच्या बागेत जातात. दोन्ही बागा सारख्याच आहेत. उतरल्यावर लोक टाळ्या वाजवतात.

तोवर मला राग आला नव्हता. सुट्टीत गावी आले की धक्क्यावर बसून मी फुकट करमणूक करून घेत असे. पारोळ्याचा किल्ला पाहून आलेली कुटुंबं जाकिटं चढवून कयाकमध्ये बसत, जागच्या जागी गोल फिरत, आणि एकमेकांना दोष देत. त्यात कुणाचं काय जात होतं? राग नंतर आला. तो अजून आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छा नाही.

मळ्यांच्या बाजूला पाट रस्त्याच्या एका मोरीखालून निघतो आणि पुढे वळतो. मोरीपासून वळणापर्यंतचा तुकडा बायकांचा. तसा ठराव नाही, पाटी नाही. पाट झाला तेव्हापासून आहे, असं म्हातारी माणसं सांगतात. फटफटल्यापासून ऊन भरावावर चढेपर्यंत तिथे बायका पोहतात. धुण्याच्या निमित्ताने पाण्यात शिरतात असं नव्हे, चक्क पोहतात. भरावावरून जाणाऱ्या पुरुषाने वळणाआधीच्या बाभळीपाशी खाकरायचं आणि उभं राहायचं. पाण्यातून कुणी “जाय भो” म्हणालं की समोर नजर ठेवून निघून जायचं. उत्तर आलं नाही तर तिथेच बिडी पेटवायची. मी असे उभे राहिलेले पाहिलेत: तलाठी, पाणी सोडायला निघालेला पाटकरी, एकदा तर मारुतीच्या दर्शनाला निघालेला नवरदेव, घोड्यासकट.

पोहायला शिकवायची ती अक्का. अक्का माझ्या थोरल्या काकांची मुलगी; लग्न गावातच झालं, त्यामुळे पाट सुटला नाही. केळीचा घड कापला की झाडाचा खांब बांधावर टाकून देतात. अक्का त्याचे दोन तुकडे बांबूच्या खुंट्यांनी जोडून घ्यायची, त्यावर पोरीला पालथी घालायची आणि ढकलून द्यायची. दर दिवशी खांब थोडा कापायची. पोरीला वाटायचं आपण कालच्याच खांबावर आहोत. शेवटी हाताखाली एक ढलपा उरायचा, आणि एका सकाळी तोही नसायचा. केळीचा चीक लागला की डाग निघत नाही, म्हणून गल्लीतल्या प्रत्येक पोरीचा एक काळे डाग पडलेला झगा असे. तो दोरीवर वाळताना दिसला की या घरची शिकायला लागली, हे सगळ्यांना कळे. मीही तशीच शिकले. पुढे कॉलेजात मराठी शिकवताना अनेक अध्यापनपद्धती वाचल्या. खांब कापण्याच्या पुढची एकही सापडली नाही.

आता अक्काचे गुडघे गेलेत. जमिनीवर तिला काठी लागते, आणि काठी धरलेल्या तिला कुणीतरी लागतं. जळगावच्या डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सांगितला आणि विचारलं, गावात तलाव आहे का. ती म्हणाली, “तलाव नही शे, पाट शे.” डॉक्टर हसले, पण नको म्हणाले नाहीत. मोरीजवळ दगडी पायऱ्या आहेत, म्हणजे होत्या. त्या धरून ती बसत बसत उतरायची, काठी वरच्या पायरीवर ठेवायची, आणि छातीएवढ्या पाण्यात गेली की तिला कुणाची गरज उरायची नाही. वळणापर्यंत जायची आणि प्रवाहाविरुद्ध परत यायची. पाटाला पाणी असलं की अक्का घरात एकटीने उठून संडासला जाते. आवर्तन संपून काही दिवस गेले की सुनेला हाक मारावी लागते. तिला पाणी हवं आहे ते एवढ्यासाठी, आणि पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवावं.

मे महिन्यातल्या एका सकाळी आम्ही पाच-सहा जणी पाण्यात होतो. अक्का वळणाकडून परत येत होती. खाकरल्याचा आवाज नाही, पावलांचा नाही, आणि वळणातून एकामागून एक पिवळ्या कयाक आल्या. कयाकला आवाज नसतो. तिची जाहिरातच तशी आहे. ‘सूर्योदय नौकाविहार’ सुरू झाल्याचं आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. पाहुणे चांगल्या घरचे दिसत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, वल्ही थांबवली आणि फोन काढले. “किती ऑथेंटिक,” एक बाई म्हणाली. आम्ही ओल्या लुगड्यांत गळ्यापर्यंत खाली बसलो. कयाक जाईनात, कारण मागे सूर्य उगवत होता आणि तिकिटात तो धरलेला होता.

अक्काने पुढच्या कयाकमधल्या मार्गदर्शकाला विचारलं, “भो, तुना गळाले काय व्हयेल शे?”

तो गोंधळला. “काही नाही आजी, का?”

“खाकरता येस नही म्हनून इचारं.”

बायका हसल्या, पण पाण्यातून कुणी उठू शकलं नाही. फोटो निघतच राहिले. दुसऱ्या दिवशी समितीच्या इंटरनेटवरच्या पानावर आमच्या पाठींचा फोटो होता, खाली ‘स्थानिक लोकजीवनाची झलक’.

मी भाऊच्या वखारीत गेले. केळीच्या घडांची मोजणी थांबवून त्याने मला खुर्ची दिली, चहा सांगितला. फोटो लगेच काढून टाकला, हे कबूल केलं पाहिजे. मग म्हणाला, “ताई, तुम्ही शिकलेल्या. मला नीट समजावून सांगा, नक्की अडचण काय?”

मी समजावून सांगितलं. बाभूळ, खाकरणं, “जाय भो”, बिडी, नवरदेव, सगळं. भाऊ मन लावून ऐकत होता. मधे एकदा त्याने फोनवर काहीतरी टिपून घेतलं. मला वाटलं, मार्गदर्शकांना सूचना देणार.

सूचना दिली. पुढच्या रविवारी आम्ही पाण्यात असताना वळणामागून खाकरल्याचा एक आवाज आला, मग दहा-बारा एकदम, बायकांचे, पुरुषांचे, पोरांचे, आणि त्यांच्यामागून मोठा हशा. “आता या गावची शेकडो वर्षांची परंपरा आपण अनुभवणार आहोत,” मार्गदर्शक सांगत होता. “सगळ्यांनी खाकरा.” पाटालाच शंभर वर्षं झालीत की नाही याची शंका आहे, पण ते राहू द्या. सगळे खाकरले आणि न थांबता वळणातून आत आले. खाकरणं त्यांनी उचललं होतं. थांबणं वगळलं होतं, कारण थांबण्यात गंमत काय?

मी काठावर जाऊन त्या मार्गदर्शकाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा म्हणाला, “मॅडम, स्क्रिप्टमध्ये आहे.”

त्यानंतरचं आवर्तन येईपर्यंत पाट कोरडा होता आणि समितीने तेवढ्यात दुसरा टप्पा उरकला. बाजारामागचा तरंगता धक्का मोरीजवळ आणला, कारण तिथून सूर्योदय चांगला दिसतो. धक्क्यासाठी दगडी पायऱ्या उखडून काठ सरळ सिमेंटचा केला आणि पाण्यात उतरायला एक उभी लोखंडी शिडी लावली. वर कॅमेरा, शेजारी तिकीट खिडकी. दरम्यान कुणा पाहुण्याचा पाय घसरून फोन पाण्यात गेला होता, म्हणून सुरक्षेचा फलकही आला. त्यावर होतं: स्थानिक नागरिकांस कालव्यात पोहण्यास सक्त मनाई. पर्यटकांसाठी मार्गदर्शित जलतरण उपलब्ध.

मी तो फलक दोनदा वाचला. भाषा शुद्ध होती. त्यामुळे जास्तच चीड आली.

दिवाळीच्या सुट्टीत आले तेव्हा पाटाला पाणी होतं आणि अक्का ओसरीवर होती. सून तिला धरून उठवत होती. मी म्हटलं, “चल.” ती म्हणाली, “कोठे?” मी म्हटलं, “तिकीट काढू.” तिला ते मजेशीर वाटलं. रिक्षाने आम्ही मोरीपर्यंत गेलो. गल्लीतल्या तिघी-चौघी मागून पायी आल्या.

खिडकीत बसलेली मुलगी आमच्याच गल्लीतली होती. अक्कानेच तिला केळीच्या खांबावर शिकवलेली, आणि त्याच जोरावर तिला ही नोकरी लागलेली. अंगात ‘जीवरक्षक’ छापलेला टी-शर्ट, गळ्यात शिट्टी. तिने आम्हाला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

“ताई, तुमचं आधार कुठलं?” तिने मला विचारलं.

“धुळ्याचं.”

“मग तुम्हाला चालतं. जाकीट घ्यावं लागेल.”

“आणि अक्का?”

ती खाली बघत म्हणाली, “अक्का लोकल शेतस.”

म्हणजे मी पाहुणी. ज्या पाटात मला अक्काने पालथी घालून ढकललं, त्यात मला पैसे भरून उतरता येतं, आणि तिला कसंही येत नाही. मी आवाज चढवला. नियम कुणी केला, कुठल्या कायद्याने केला, पाट कुणाच्या बापाचा, असं बरंच बोलले. मागे रांगेत जाकिटं घातलेले पाहुणे उभे होते. त्यांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

अक्काने माझ्या दंडावर हात ठेवला आणि खिडकीत वाकली. “पोरी, तुले पव्हाले कोनी शिकाडं?”

“तुम्हीच, अक्का. पन मन्हा हातमा काय शे? वर कॅमेरा शे.”

“शे तं शे. दखू दे त्याले.” तिने काठी खिडकीतून आत दिली. “हाई धर. मी येस.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तू जाकीट घे माय. तू पाहुनी शे, तुले थंडी वाजस.”

धक्क्याच्या कडेपर्यंत आम्ही तिला धरून नेलं. ती बसली, पाय पाण्यात सोडले आणि घसरून आत गेली. मुलीने शिट्टी तोंडाला लावली आणि वाजवली नाही.

पाण्यात गेल्यावर अक्काने प्रवाहाविरुद्ध हात मारले, मोरीपर्यंत गेली, परत आली. पाहुण्यांच्या कयाक धक्क्याला बांधलेल्या होत्या, ती पाण्यात असेपर्यंत त्या सोडता येईनात. कुणीतरी भाऊला फोन केला. तो पांढऱ्या कपड्यांत मोटारसायकलवर आला आणि काठावर उभा राहिला.

“अक्का, वर या. पाहुणे थांबलेत.”

“थांबू दे. आम्ही बी थांबेल व्हतूत.”

“तुमच्याच सुरक्षेसाठी नियम केलाय.”

“तुले पव्हता येस का रे?”

भाऊला येत नाही हे गल्लीला माहीत होतं. लहानपणी मोरीपलीकडे, मुलांच्या बाजूला, तो नेहमी कपडे सांभाळायला बसायचा.

“मंग मी खांब धाडसू तुले,” अक्का म्हणाली. “गावनी बठ्ठी केळी तूच घेस, खांब आम्हनाकडेच राहतस.”

बायकांना हसू आवरलं नाही. दोन पाहुणेही हसले, न समजता. भाऊचे कान लाल झाले. इतका वेळ मला फार बरं वाटत होतं.

मग ती शिडीजवळ आली, आणि तेव्हा कळलं. शिडी उभी, पहिली दांडी पाण्याच्या वर. तिचा गुडघा तेवढा वाकत नाही. तिने हातांवर अंग उचलून पाहिलं, एकदा, दोनदा. पाय दांडीला लागेना. तिसऱ्यांदा ती निसटली आणि पाण्याखाली जाऊन वर आली, केस चेहऱ्यावर. कुणी हसलं नाही. भाऊ म्हणाला, “दोरी आणा रे, चार पोरं बोलवा, उचलून घेऊ,” आणि एक पाहुणा फोन काढून उभा राहिला.

“हात लावू नका,” अक्का म्हणाली. हे ती शुद्ध मराठीत म्हणाली. एरवी ती डॉक्टरांशीही तशी बोलत नाही.

मी जाकिटासकट पाण्यात उतरले. तिला खालून उचलायचा प्रयत्न केला. जाकीट मला वर लोटत होतं, आणि आम्ही दोघी मिळून काहीच साधेना. तिने मला बाजूला केलं. “खाले म्हशीसनी घसरन शे. तठे निघसू.” आणि उताणी होऊन तिने अंग प्रवाहावर सोडून दिलं.

वळणापलीकडे बरंच पुढे, जिथे गावातल्या म्हशी पाण्यात उतरतात, तिथे भराव घसरून उतार झाला आहे. अक्का तिथपर्यंत वाहत गेली, आकाशाकडे तोंड करून. मी मागून पोहत होते. काठाने गल्लीतल्या बायका चालत होत्या आणि त्यांच्यामागून ती टी-शर्टवाली मुलगी, काठी घेऊन. भाऊ धक्क्यावरच राहिला. घसरणीवर म्हशी बसल्या होत्या. अक्का त्यांच्यामधून हातापायांवर, चिखलातून, रांगत वर आली. वर आल्यावर खाली बसून ती खूप वेळ धापा टाकत होती. मुलीने काठी पुढे केली तेव्हा तिने ती घेतली नाही. आधी मुलीचा हात घेतला.

त्या मुलीची नोकरी अजून आहे. भाऊने तिला काही म्हटलं नाही, मला मात्र म्हटलं: “ताई, तुमच्यासारख्यांनी असं करायला नको होतं. बाहेर काय संदेश जातो?” मी पायऱ्या मागितल्या. फलक राहू दे, तिकीट राहू दे, होत्या तेवढ्या पायऱ्या परत घाला, एवढंच. तो म्हणाला, तिसऱ्या टप्प्यात विचार करू. तिसऱ्या टप्प्यात काय आहे ते मी विचारलं. पाण्यावर तरंगणारं उपाहारगृह आहे.

अक्का आता घसरणीवर जाते. म्हशीवाल्याने आपली वेळ थोडी पुढे ढकलली, पण म्हशी त्याचं सगळंच ऐकत नाहीत. पाण्याला वास येतो. उतरताना दोघींनी धरावं लागतं आणि वर येताना तिघींनी, आणि तिघी दर सकाळी मोकळ्या नसतात. मी शनिवारी जाते तेव्हा चौथी मी असते. मी कुरकुरले की ती म्हणते, म्हशी बऱ्या, फोटो काढत नाहीत. ती असं म्हणाली की सगळ्या हसतात आणि विषय संपतो. माझा संपत नाही. तिला म्हशींची अडचण नसेल, मला आहे.

गेल्या शनिवारी पाटाला पाणी होतं. मी गेले तेव्हा अक्का खाटेवर होती, तिघींपैकी दोघी कापूस वेचायला गेलेल्या. मी म्हटलं, आपण दोघीच जाऊ, मी धरते. ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे आज.” मग सुनेला हाक मारली, आणि मी उठून दारातून बाहेर पडले, तिला उठताना मी पाहू नये म्हणून.